बुजवलेलं धुरांडं

आमच्या घरी दिवस सुरू व्हायचा तो कोळसा फोडण्याच्या आवाजानं. बाबा परसात उकिडवे बसून हातोडीनं दगडी कोळशाची ढेकळं फोडायचे आणि आम्ही गोधडीत पडून तो ठोक ठोक ऐकायचो. आवाज थांबला की समजायचं, आता कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतील, मग गवऱ्या, मग कोळसा, आणि भट्टीच्या खोलीत गेलेला माणूस खोकतच बाहेर येईल. बीबी या आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर आमचं हॉटेल होतं. हॉटेल हा शब्द जरा मोठाच झाला. टिनाचं छप्पर, काही बाकं आणि एक काचेचं कपाट, त्यात शेव, आलूबोंडे आणि बाबांच्या हातचे पेढे. त्यामागं भट्टीची खोली, आणि भट्टीच्या भिंतीला पाठ लावून आमचं राहतं घर, धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छत असलेलं. माझे फ्रॉक, माझी पुस्तकं, माझे केस, सगळ्याला तळणाचा आणि कोळशाचा वास यायचा. शाळेत बाई विचारायच्या, "आज भजे काढले का गं घरी?" पोरी हसायच्या. मीही हसायची, दुसरं काय करणार.

घरात बाबा, माय, गोदाआत्या, मी, आणि लग्न होऊन जाईपर्यंत माझी मोठी बहीण सुमनताई. माय कमी बोलायची. दिवसभर तिचे हात कांद्यात नाहीतर बेसनात असायचे आणि तोंड बंद. त्याची भरपाई गोदाआत्या करायची. ती बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला आणि ती परत आमच्याकडं आली, ते कायमचीच. विधवा बाईला त्या काळी गावात फारसं स्थान नसायचं, पण आत्यानं ते आपल्या हातांनी मिळवलं होतं. बाळंतिणीला तेल लावावं, न्हाऊ घालावं, शेक द्यावा, बाळाचं नाक-डोकं नीट करावं, तर ते गोदाबाईनंच, असं आसपासच्या खेड्यांतसुद्धा म्हणायचे. बैलगाडी पाठवून तिला न्यायचे. परत येताना तिच्या ओटीत खण, नारळ आणि चेहऱ्यावर एक तोरा असायचा. तो तोरा मला फार आवडायचा. तिचा एकच मंत्र होता, "बाळंतिणीले वारं लागू देऊ नये. बाकी सारं देव पाहून घेते."

भट्टीला तेव्हा विटांचं धुरांडं होतं. भट्टीच्या मागून निघून ते धाब्यातून वर जायचं आणि स्टँडवरच्या कडुनिंबाच्या बरोबरीनं दिसायचं. माय वावरात असली की लांबून त्याच्याकडं बघून सांगायची, "दूध चढवलं पाय शके, तुह्या बापानं." दाट पांढरा धूर म्हणजे भट्टी नुकती पेटली. धूर विरळ होत दिसेनासा झाला म्हणजे कोळसा लाल झाला, आता खवा आटेल. मला ते धुरांडं घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखं वाटायचं, उपयोगाचं आणि कटकटीचं. कारण पावसाळ्यात त्याच्या बुडाशी धाबं हमखास गळायचं. बाबा दर वर्षी खारी माती कालवून तिथं थापायचे आणि दर वर्षी खाली परात ठेवावी लागायची. वारं सुटलं की वरून काजळीची खपली कढईत पडायची. आटत आलेल्या दुधात काजळी पडली की पेढे गेले. बाबा तसे शांत, पण त्या वेळी ते धुरांड्याला ज्या शिव्या द्यायचे त्या माणसाला दिल्या असत्या तर फौजदारी झाली असती.

एकदा ते सामान आणायला लोणारला गेले आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांनी नवीनच तऱ्हा पाहिली. धुरांडं नाहीच. भट्टीच्या मागून पत्र्याची एक जाड नळी सरळ भिंतीतून बाहेर काढलेली. ना छताला भोक, ना गळती, ना काजळी. ते आले तेच तो विषय घेऊन.

"धुरांडं वर जाते अन् पाणी खाली येते. काय कामाचं ते?" बाबा म्हणाले. "नळी सरळ भिंतीतून परसात काढतो. धाब्याले भोकच नको."

"धुराले वर जाची सवय हाये," माय म्हणाली. "त्याले आडवं काऊन नेता?"

"जाते आडवं. लोणारले जाऊनच राह्यलं ना."

"लोणारचं लोणारले. आपल्या परसात न्हाणी हाये."

"मंग? धूर काय चावते का तुह्या न्हाणीले?"

आत्या हसली, मी हसले, मायही थोडी हसली. विषय तिथं संपला. बाबांनी धुरांड्याच्या तोंडावर फरशी बसवून वरून माती थापली, भट्टीकडची बाजू विटांनी बंद केली आणि टिनवाल्याकडून नळी करून घेतली. ती परसातल्या भिंतीतून बाहेर आली, न्हाणीच्या दगडाच्या थोडी वर. आणि खरं सांगायचं तर नळीनं काम चोख केलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, धाबं गळलं नाही. पेढे दुधासारखे पांढरे निघायला लागले. भिंतीवर एक काळा डाग तेवढा वाढत गेला आणि मायला वाळत घालायची दोरी हलवावी लागली. मीसुद्धा आता या वयात त्या नळीला उगाच वाईट म्हणणार नाही. उघड्या परसात तिचा कुणाला त्रास नव्हता. धूर निघायचा आणि वाऱ्यानं पांगायचा.

हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मोताळ्याकडं, धामणगाव बढ्याला दिलं होतं. एसटीतून उतरली ती थेट भट्टीच्या खोलीत गेली आणि बाबांच्या हातातलं उलथनं घेऊन कढईची खरवड काढून खाऊ लागली. लहानपणापासून तिला तळाला लागलेला, करपट गोड खवा आवडायचा. बाबा म्हणाले, "अवो, बस तं खरी आधी." ती म्हणाली, "बसून काय करू, सासरी बसूनच होती," आणि ते साफ खोटं होतं हे तिच्या हातांच्या भेगांवरून आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ताई असली की घरात हसू असायचं. ती गेल्यावर ते कुठं जायचं मला कळत नसे. तिच्याशिवाय आमच्या घरात मोठ्यानं हसणारं माणूस मी पाहिलं नाही.

मुलगी झाली. काळंभोर जावळ, आणि रडणं एवढं की हॉटेलातले लोक चहा पिता पिता विचारायचे, "झाली का लक्ष्मी?" घरात डिंकाचा, सुंठेचा, बाळंतशेपाचा वास भरला. आत्यानं सूत्रं हातात घेतली. खोलीच्या खिडकीला चिंध्या कोंबल्या, दाराला जाड पडदा लावला, ताईच्या कानांना फडकं बांधलं. प्रश्न फक्त न्हाणीचा होता. न्हाणी उघड्या परसात, आणि त्या वर्षी वारं असं बोचरं की भांड्यातलं पाणी अंगावर पडेपर्यंत गार व्हायचं. मग आत्यानं तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या काड्यांचे, तट्टे बांधून न्हाणीला तिन्ही बाजूंनी आडोसा केला. चौथ्या बाजूला भट्टीच्या खोलीची भिंत होतीच. वर ताडपत्री टाकली, आत जायच्या जागी गोणपाट सोडलं, आणि तुराट्यांतून वारं येतं म्हणून बाहेरून शेणमातीनं लिंपूनही घेतलं. नळीचं तोंड आपोआप आत राहिलं.

ते कुणाला खटकलं नाही. उलट सगळ्यांना त्याचं कौतुक. आत पाऊल टाकलं की ऊब. शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "बापानं लेकीसाठी हमामच केला वो बाई." बाबा ओशाळून हसायचे, पण खूश असायचे. धुराचं आत्या बघत होतीच. भट्टी पेटताना धूर निघायचा तेव्हा ती गोणपाट वर करून ठेवायची. कोळसा लाल झाला, धूर दिसेनासा झाला, की गोणपाट सोडायची आणि हाक मारायची, "आण सुमनले. गेला धूर." धूर गेला म्हणजे सगळं गेलं, असंच आम्ही समजत होतो. दगडी कोळशाचं जे खरं भय असतं ते डोळ्याला दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही, हे आमच्यात कुणाला माहीत असणार? त्या दिवसांत आत्याचं डोकं दुखायचं, ती कपाळाला सुंठ उगाळून लावायची. ताई न्हाऊन आली की म्हणायची, मळमळून राह्यलं. आत्या म्हणायची, ओली बाळंतीण हायेस, व्हते तसं.

बारशाच्या आदल्या दिवशी ताईला डोक्यावरून न्हाऊ घालायचं ठरलं. तो बाजाराचा दिवस होता, हॉटेलात गर्दी, आणि त्यात बाबांनी बारशाचे पेढे करायला मोठी कढई चढवली होती. ही कढई भट्टीच्या तोंडावर झाकणासारखी बसायची. भट्टीत कोळसा शिगोशीग भरलेला. म्हणजे जे काही निघत होतं ते सगळं नळीतून जात होतं. मी दारात बाळाला घेऊन बसले होते. आत पाण्याचा आवाज, शिकेकाईचा वास, आणि आत्याची बडबड. थोड्या वेळानं ताई म्हणालेली मला ऐकू आली, "आत्या, डोकं लय जड झालं."

"केस ओले हायेत, जड व्हनारच," आत्या म्हणाली. "आता उठू नको. गोधडी पांघरून बस, चांगला घाम येऊ दे. मी लेकराले न्हाऊ घालतो तवरोक."

ती गोणपाट उचलून बाहेर आली, लगेच ते खाली सोडलं, कडा दगडानं दाबली आणि माझ्याकडून बाळ घेतलं. घरात जाऊन तिनं बाळाला पायांवर घेतलं, तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. सगळं नेहमीसारखं, घाई नाही. हॉटेलातून कढईत उलथनं खरवडल्याचा आवाज येत होता. मग ती ताईला घ्यायला गेली आणि तिची हाक आली. हाक नव्हती ती. मला आजही तिला नाव देता येत नाही.

ताई पाटावर बसलेली होती, तट्ट्याला टेकून, गोधडी गळ्यापर्यंत. झोप लागल्यासारखी. गाल गुलाबी. आयुष्यात ती एवढी टवटवीत कधी दिसली नसेल. तिला उचलून बाजेवर आणलं तेव्हा एक शेजारीण म्हणाली, "पाय ना, जित्ती हाये, रंग पाय तिचा." आम्ही त्या रंगावर विश्वास ठेवला. तळवे चोळले, कांदा हुंगवला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, थोडा वेळ त्या गालांकडं पाहत राहिले आणि बाबांना विचारलं, "हिच्याजवळ शेगडी होती का पेटलेली?"

"नाही," बाबा म्हणाले.

खोटं नव्हतं ते. शेगडी नव्हतीच. पण मी बाबांच्या शेजारी उभी होते. 'नाही' म्हणून झाल्यावर त्यांची मान हळूच भिंतीकडं वळली, ज्या भिंतीपलीकडं भट्टी होती, आणि तिथंच राहिली. बाहेर भट्टीवर पेढ्यांचा खवा जळत होता. तो वास घरभर आला तरी कुणी उठलं नाही.

मग मायनं तोंड उघडलं. एरवी न बोलणारी माय. ती आत्याला म्हणाली, "तू न्हाणीचा पडदा उचलला. ओल्या अंगाच्या बाळंतिणीवर पडदा उचलला तुनं. वारं लागलं माह्या लेकीले." आत्या बाजेच्या पायाशी बसून ताईचे ओले केस फडक्यानं पुसत राहिली. जमलेल्या बायांनी माना हलवल्या. वारं लागलं, हे सगळ्यांना पटणारं होतं. दोन दिवसांत ते सगळ्या गावानं म्हटलं आणि मग ते खरंच झालं.

दिवस-कार्य आटोपल्यावर एका दुपारी बाबा धाब्यावर चढले. मी खालून पाहत होते. त्यांनी धुरांड्यावरची माती उकरली, फरशी काढली, खाली येऊन भट्टीकडच्या विटा काढल्या. नळी उपसून परसात फेकली आणि भिंतीचं भोक बुजवून वरून चुना फासला. हाताखाली कुणाला घेतलं नाही. माय कांदे चिरत होती, तिनं मान वर केली नाही. मी विचारलं, "बाबा, नळी काऊन काढली?" ते म्हणाले, "धूर नीट जात नव्हता." दुसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या बरोबरीनं पुन्हा धूर दिसायला लागला. पावसाळ्यात धाबं गळलं. बाबांनी कधी तक्रार केली नाही, गुपचूप परात सरकवायचे.

ताईची मुलगी तिच्या सासरच्यांनी नेली. आत्याला मात्र कुणी नेलं नाही. कुठूनच गाडी आली नाही. कुणाच्या घरी बाळंतीण असली आणि आत्या वाटेनं जाताना दिसली तर आतून दार ओढून घेतल्याचा आवाज यायचा. बारशाला बोलावणं नाही, ओटी नाही. तो तोरा गेला तो गेलाच. ती हॉटेलात भांडी घासायला लागली. घरातली फट न् फट बुजवायची तिला सवय लागली. दाराखाली पोतं, खिडकीच्या सांध्यात कागद. मायनं तिला पुढं शब्दानं टोचलं नाही, पण कपही कधी स्वतःच्या हातानं पुढं केला नाही. एका छपराखाली दोन बायका अशा राहू शकतात, हे मी लहानपणीच शिकले.

मी शिकले, मास्तरीण झाले, बुलढाण्याला आले. कॉलेजात कोळशाच्या वायूचा धडा होता. त्यात गुलाबी पडणाऱ्या चेहऱ्याचा उल्लेख होता. पुस्तक मिटून मी तशीच बसून राहिले. सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ते भट्टीकडं बघत ऐकत होते.

"धुरांडं म्या उगंच उघडलं का बाई?" ते म्हणाले.

"मग आत्याला सांगा ना. मायला सांगा. तिच्यावर आळ आहे सगळा."

"सांगतो."

बाबा सांगतो म्हणाले आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मला त्यांचा राग आहे. वय झालं म्हणून राग विरतो असं लोक म्हणतात, माझा विरलेला नाही. पण ते दर बाजाराच्या दिवशी पेढे न करता फक्त शेव-भजी विकायचे, हेही मी पाहिलं आहे. माय गेली, मग बाबा गेले, हॉटेल गेलं. आत्याला मी माझ्याकडं घेऊन आले, पण ते माझ्याही तोंडून कधी निघालं नाही.

परवा, म्हणजे हा हिवाळा सुरू होताना, सुनेनं स्वयंपाकघरात विजेची चिमणी घेतली. बसवायला एक तरुण आला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या आणि मला विचारलं, "आजी, पाइप वरून न्यायचा का डायरेक्ट भिंतीतून काढू? डायरेक्ट सोपं पडते." भिंतीपलीकडं काचा लावलेली गॅलरी, आणि तिथं ऊन खात आत्या बसलेली. नव्वदीला टेकलेली, कानाला फडकं बांधून, काचांच्या फटीत कापूस कोंबून. मी म्हणाले, "वरून." तो म्हणाला, "आजी, आता सगळे डायरेक्टच काढतात. गॅसचा काय धूर असते?" त्याचं बरोबर होतं. तरी मी त्याच्यावर ओरडले, एवढी की सून धावत आली.

तो गेल्यावर आत्यानं बोलावलं. "काऊन भांडून राह्यली वो त्या पोराशी?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. नळीचं, कढईचं, गुलाबी गालांचं. म्हणाले, "आत्या, ताईला वारं लागलं नव्हतं. तू पडदा उचललास म्हणून काही झालं नाही. उलट वारं हवं होतं तिला." इतकी वर्षं मला हेच हवं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं. ती ऐकत होती. मग तिची बोटं मांडीवर हलायला लागली, काहीतरी बांधल्यासारखी, आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

"तट्टा म्या बांधला व्हता," ती म्हणाली.

"आत्या—"

"ताडपत्री बी म्याच टाकली. लिंपला बी म्याच." तिची बोटं थांबली. मग म्हणाली, "वारं असतं तं बरं झालं असतं वो शके. वारं कोनाच्या हातचं नसते."

नळी तर मुळात बाबांनीच भिंतीतून काढली होती, हे तिला सांगून काय होणार होतं? बाबा गेले. हात तिचेच उरले.

"हे काच सरकव," ती म्हणाली. मी कापूस काढला आणि काच सरकवली. थंडगार वारं आत आलं. तिनं कानाचं फडकं सोडलं आणि मांडीवर घडी करून ठेवलं. तेव्हापासून ती काच लावू देत नाही. रोज संध्याकाळी मी गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढते आणि रोज ती हातानं खाली सारते.